हंगामाच्या सणाचा काटा

धरणगावच्या आमच्या छोट्या मंडळीत मी नऊ वर्षं पाळक आहे आणि खरं सांगायचं तर थकलो आहे. महिनाभर बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यावर प्रवचनं दिली. गरिबाला नाडून केलेल्या सणांचा देवाला वीट येतो, त्याला आधी न्याय हवा असतो. आणि न्यायनिवाडा झाल्यावर पडलेली झोपडी तोच पुन्हा उभारतो. ती आशा आपल्याला ख्रिस्तात मिळाली, असं मी दर वेळी शेवटी सांगतो. लोक माना डोलावतात. सर्वांत पुढे बसून अभिमनभाऊ डोलावतात.

अभिमनभाऊ खेडोपाडी फिरून कापूस विकत घेतात. प्रार्थनामंदिराचे पत्रे त्यांनीच घातले. हंगामाच्या सणाला लोक शेतातला पहिला माल देवापुढे आणतात, तेव्हा तोलायला काटाही त्यांचाच येतो.

शेवंताबाई दर वर्षी दहा किलो कापूस आणतात. नवरा गेला तेव्हा त्यांनी देवाला तसं वचन दिलं होतं. दर वर्षी तो नऊच भरतो. मग बाई ओशाळतात आणि पुढच्या रविवारी आणखी एक किलो आणतात, लोकांच्या वेचून झालेल्या शेतांतून उरलंसुरलं गोळा करून. मी तो निमूट घेतो.

गेल्या सणाला आवराआवर करताना मी गंमत म्हणून त्या काट्यावर उभा राहिलो. आदल्याच दिवशी दवाखान्यात सत्तर भरलेला मी, इथे त्रेसष्ट. भाऊ काटा मारत होते. मी डोक्यावरच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं. वर्षभर स्वतःची लाज वाटत राहिली.

या रविवारी सणाला पुन्हा नऊ.

“शेजारना काटावर मोजीसन आणेल शे,” शेवंताबाई पुटपुटल्या. “आते कमी कसा भरना?”

“पुढला रविवारले आना, अक्का,” अभिमनभाऊ समजुतीनं म्हणाले. “देव काय पयी जात नही.”

देव पळून जात नाही, या समजुतीचाच मला शीण आला. प्रवचनाचे कागद बाजूला ठेवले, चपला काढल्या आणि काट्यावर चढलो.

“कालही दवाखान्यात सत्तरच भरलो,” मी म्हणालो. “भाऊ, आकडा मोठ्यानं वाचा.”

अभिमनभाऊंनी वाचला नाही. मंडळी मात्र वाचत होती. त्यातल्या निम्म्यांनी भाऊंना विकताना आपला कापूस याच काट्यावर घातला होता.

“मला हे वर्षभर ठाऊक होतं,” मी सांगितलं. “आमोस आधी मला लागू आहे, मग भाऊंना.”

अभिमनभाऊ खाली मान घालून बाकावर बसले. शेवंताबाई आता मला चार शब्द सुनावतील असं वाटलं. सुनावावेत, अशी माझी इच्छाही होती. पण त्या गाठोड्यावर हात ठेवून रडत होत्या.

“मंग इतला साल,” त्या म्हणाल्या, “मी देवले कमी दियेल नही.”