तार तुटली तर काय करावं, ते सांगणारं पान

मी बोलतोय. मला कागद नाही, शाई नाही, तरी मी पानच आहे. 'तार तुटली तर' हा माझा मथळा. 'तणुप्पु' नावाची प्रोग्रॅमिंगची एक लायब्ररी आहे. तणुप्पु म्हणजे मल्याळममध्ये थंडावा. लसी ठेवायच्या फ्रिजचं तापमान वाचायचं, ते पडद्यावर दाखवायचं, फ्रिज तापला की घंटा वाजवायची, असल्या कामांच्या तयार आज्ञांचा तो संच. तो वापरायचा कसा, हे सांगणारी आम्ही जवळजवळ तीनशे पानं आहोत. एका पानावरून दुसऱ्यावर जायला लिंक असतात. आमची दारं म्हणजे त्या लिंक.

माझा जन्म केरळातल्या कोतमंगलमच्या पौलोस माशांच्या, म्हणजे पौलोस मास्तरांच्या, जेवणाच्या टेबलावर झाला. माशांनी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं आणि निवृत्तीनंतर हाच उद्योग लावून घेतला. जवळच्या एका दवाखान्यात फ्रिजच्या तापमापकाची तार उंदरानं कुरतडली होती. फ्रिज बंद पडला, तरी पडद्यावर दोन दिवस चार अंश दिसत राहिले. तार तुटली की लायब्ररी शेवटचा आकडाच धरून बसते, हे माशांना तेव्हा उमगलं आणि ते तसेच लिहायला बसले.

"अहो, कंजी निवतेय," त्यांच्या पत्नी अन्नम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दोन ओळी राहिल्यात."

"दोन ओळी म्हणताम्हणता दोनदा गरम करून झाली माझी. तुमच्या फ्रिजांचं तापमान कळतं, ताटातल्याचं नाही कळत."

माशांनी इंग्रजीत लिहिलं, खाली तेच मल्याळममध्ये लिहिलं. माझ्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य असं होतं: 'आकडा किती आहे एवढंच पाहू नका, तो किती जुना आहे तेही पाहा. दहा मिनिटांत नवा आकडा आला नाही, तर घंटा वाजवा.'

माझी पहिली वर्षं सुखाची गेली. पहिल्याच पानावर, उजव्या हाताला माझी लिंक होती. लोक यायचे, वाचायचे, चार ओळी उचलून न्यायचे. कुणी आभार मानत नसे. पानाला त्याची अपेक्षाही नसते.

मग माशांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्यावरचं अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी लायब्ररी कोळिकोडच्या शहनासकडे सोपवली. शहनास दिवसा कंपनीत नोकरी करायची, सकाळी ऑफिसची बस येईपर्यंत आणि रविवारी आमच्याकडे बघायची. हुशार, मेहनती, आणि नीटनेटकेपणाची भारी हौस. आमची तीनशे पानं सात वर्षांत कशीही वाढलेली. तिनं एका रविवारी आम्हाला नवीन घरात हलवलं. नवे कप्पे, नवे पत्ते, नवा रंग. दिसायला आम्ही देखणे झालो.

पत्ते बदलले, पण पानांच्या पोटातल्या लिंक जुन्याच राहिल्या. पहिल्या पानावर माझं नाव तसंच निळं, अधोरेखित होतं. त्यावर टिचकी मारली की यायचं: 'हे पान सापडलं नाही.' मी नव्या कप्प्यात जिवंत होतो, माझा शब्दन्‌शब्द जागेवर होता. माझ्यापर्यंत येणारी वाट तेवढी कुठेच जात नव्हती.

तीन महिन्यांनी बांगलादेशातल्या राजशाहीहून कुणीतरी लायब्ररीच्या तक्रारींच्या ऑनलाइन फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: '"तार तुटली तर" या लिंकवर गेलो, पान मिळत नाही.' शहनासनं ती तक्रार बसमध्ये वाचली. सोपं काम होतं. सोपं होतं म्हणूनच तिनं त्यावर 'सवडीनं' अशी चिठ्ठी लावली आणि मोठ्या कामाला लागली. पुढच्या आठ महिन्यांत त्या तक्रारीखाली अकरा जणांनी अंगठा उठवला. म्हणजे, आम्हालाही मिळालं नाही. त्यातल्या एकानंही लिंक दुरुस्त केली नाही, शहनासला दुसऱ्यांदा विचारलं नाही. माणसं अंगठा उठवतात आणि आपलं काम झालं असं समजून पुढे जातात, हे मी तेव्हा शिकलो.

त्याच काळात वयनाडच्या डोंगरात, कुरुंबमला गावच्या आरोग्य केंद्रात लीलामणी सिस्टर नवा फ्रिज लावून घेत होत्या. वीज सारखी जायची. त्यांनी बाजारातल्या जिनेशला बोलावलं. मिक्सर, मोबाइल, पंप, काहीही दुरुस्त करणारा हा तिशीचा गडी, प्रोग्रॅमिंग आपलं आपण शिकलेला. पुढे त्यानं सगळी हकिकत फळ्यावर लिहिली, म्हणून मला ही ठाऊक आहे. त्यानं तणुप्पु उतरवून घेतली, पहिलं पान वाचलं, माझ्या नावावर टिचकी मारली. सापडलं नाही. पुन्हा मारली. मग, 'महत्त्वाचं असतं तर असं हरवू दिलं नसतं,' असं त्याच्या मनात आलं, असं त्यानं लिहिलंय. आठ अंशांच्या वर गेलं की घंटा, एवढंच त्यानं जोडलं. सिस्टर खूश झाल्या. जुना काट्याचा तापमापक त्यांनी कपाटात ठेवून दिला.

डिसेंबरात केंद्राच्या भिंतींना रंग दिला. फ्रिज सरकवताना त्याच्या पायाखाली तार सापडली आणि तुटली. पडद्यावर चार अंश तसेच राहिले. दोन दिवसांनी फ्रिजची मोटर बसली. घंटा वाजली नाही. सिस्टर सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत आकडा लिहायच्या. चार. चार. चार. डोंगरातली थंडी अशी, की सकाळी फ्रिजमध्ये हात घातला तर गारच लागायचा. मोटर बसल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी कुत्रा चावल्यावर द्यायच्या लशीची बाटली बाहेर काढली. उन्हात धरली तरी तिच्यावर दव धरेना. गार बाटलीवर ते लगेच धरायला हवं होतं.

त्यांनी कपाटातला काट्याचा तापमापक काढून फ्रिजमध्ये ठेवला. सतरा अंश.

त्या पाच दिवसांत नऊ जणांना ती लस दिली होती.

"सिस्टर, कदाचित लस खराब झालीही नसेल," केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या 'कदाचित'वर मी कुणाला घरी बसवणार नाही. नऊही जणांना परत बोलवा. आजच."

आठ जण आले. नववा अप्पुण्णी. भटक्या कुत्र्यानं त्याच्या मनगटाचा लचका तोडला होता आणि टोचून घेऊन तो कॉफीच्या तोडणीला कर्नाटकात कोडगूला निघून गेला होता. मळा कुठला, घरच्यांना ठाऊक नाही. फोन नाही.

जिनेशनं मोटरसायकल काढली. सिस्टर बर्फाच्या डब्यात ताजी लस घेऊन मागे बसल्या. दोन दिवस ते मळे पालथे घालत होते. तिसऱ्या दिवशी कुट्टा गावाच्या पुढे, मजुरांच्या चाळीत अप्पुण्णी सापडला. मनगटावर पट्टी, हातात काळा चहा.

"दोनदा टोचलंत की," तो म्हणाला. "आता काय हौस म्हणून?"

"ती लस गरम झाली होती, अप्पुण्णी. तिच्यावर भरवसा नाही. पुन्हा घ्यायला हवी."

"गरम झाली हे तुम्हाला कळलं नाही?"

"मशीननं चुकीचा आकडा दाखवला."

"खोटं बोललं मशीन, आणि सुई मला?" त्यानं चहा मातीत ओतला. "तुम्ही रोज वहीत काय लिहीत होता मग?"

जिनेश पुढे झाला. "दादा, मशीन मी लावलंय. शिव्या मला घाल. पण आधी दंड पुढे कर."

अप्पुण्णीनं शिव्या घातल्या, पोटभर. आणि मग दंड पुढे केला. उरलेल्या सुया त्यानं तिथल्याच सरकारी दवाखान्यात घेतल्या. कुरुंबमलाच्या केंद्राची पायरी तो परत चढला नाही.

केंद्रात परतल्यावर जिनेश चूक शोधायला बसला. शोधताशोधता त्यानं नव्या घराचा एकेक कप्पा उघडला आणि मी त्याला सापडलो. माशांचं ते वाक्य त्यानं वाचलं. त्यानं फळ्यावर सगळं लिहिलं आणि शेवटी शहनासला विचारलं, 'हे पान होतं, तर मला का मिळालं नाही?'

शहनासनं ते सकाळी वाचलं. बस आली, थांबली, निघून गेली. तिची उम्मा, म्हणजे आई, दारातून म्हणाली, "मोळे, पोरी, बस गेली ना?" तिनं मला पडद्यावर उघडलं होतं आणि माझ्याकडे नुसती बघत होती. मग तिनं माशांना फोन लावला.

"माश, चूक माझी आहे. आठ महिने चिठ्ठी समोर होती."

माशांनी विचारलं, "नऊ जण कसे आहेत?"

"बरे आहेत म्हणतात. डॉक्टर म्हणतात, वर्षभर लक्ष ठेवायचं."

"मग रडायला वर्ष आहे. आधी लिंक जोड."

लिंक जोडणं म्हणजे एक ओळ बदलणं. दोन मिनिटांत माझी वाट उघडली. त्या दोन मिनिटांचंच तिला सगळ्यात जास्त लागलं असणार.

पण तिकडे चौकशी बसली होती. नोंदवहीत चार-चार-चार सिस्टरांच्या हातचं होतं, खाली त्यांची सही होती. लायब्ररीचं नाव कागदात कुठेच नव्हतं. शहनासनं माझी छापील प्रत काढली आणि माशांना सोबत घेऊन अधिकाऱ्यांसमोर गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद झालो. माशांनी मला छातीशी धरलं होतं. वाचता येत नव्हतं, पण पाठ होतो मी त्यांना.

"ही लिंक म्हणजे नेमकं काय?" साहेबांनी विचारलं.

"दार, साहेब," माश म्हणाले. "आत खोलीत सूचना टांगलेली होती. आम्ही दार भिंतीवर रंगवून ठेवलं. उघडायला गेलेला माणूस परत फिरला. यात सिस्टरांचा दोष किती?"

साहेबांनी ऐकून घेतलं. मला फाइलला लावलं. तरी तापमापक कपाटात का ठेवला, या मुद्द्यावर सिस्टरांची बदली झालीच. दूर, कासरगोडच्या बाजूला. शहनासनं त्यांना फोन करून माफी मागितली.

"तुमच्या माफीचं मी काय करू, मोळे?" सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "सतरा वर्षांत त्या वहीत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. अजून किती दारं अशी आहेत तुमच्याकडे? तेवढं बघा."

तिनं मोजली. दोनशे चौदा.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी ती दहा-दहा दुरुस्त करत गेली. काही लिंक स्पेलिंगनं मोडलेल्या, काही हलवाहलवीत. काही अशा पानांकडे जाणाऱ्या, जी कधी लिहिलीच गेली नव्हती. जगभरच्या लोकांनी आपापल्या लेखांत आमचे जुने पत्ते देऊन ठेवले होते, ते तिच्या हातचे नव्हते. म्हणून तिनं प्रत्येक जुन्या पत्त्यावर पाटी लावली, तिथे आलेला माणूस आपोआप नव्या घरी पोचतो. जिनेशही मदतीला आला. त्यानं एक राखणदार लिहिला: रोज एकदा सगळी दारं ठोठावतो, आणि एखादं उघडलं नाही की फळ्यावर लाल खूण करतो.

मग एका सकाळी शहनासनं माझं ते वाक्य माझ्यातून उचललं आणि पहिल्या पानावर, अगदी वर, ठळक अक्षरांत नेऊन ठेवलं. टिचकी मारायची गरजच नको. मला वाईट वाटलं का? वाटलं. माशांनी मला जन्म दिला तो त्या वाक्यासाठी. आता माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. पण ते वाक्य तिथेच हवं होतं. पहिल्या दिवसापासून तिथेच हवं होतं.

वर्ष उलटलं. नऊही जण धडधाकट आहेत. अप्पुण्णी या हंगामात पुन्हा कोडगूला गेल्याचं जिनेशनं लिहिलंय. सिस्टरांची बदली रद्द झालेली नाही.

आणि परवा राखणदारानं लाल खूण केली. यावेळी ती माझ्याच अंगावर आहे. माझ्या तळाशी एक लिंक आहे, कुठल्या तारा ओलीत आपोआप गंजतात त्याची यादी दाखवणारी. यादी ठेवणाऱ्या मंडळींनी आपलं घर हलवलं, आणि दार पुन्हा भिंतीवरचं झालं. शहनासची उम्मा इस्पितळात आहे, ती तिच्या उशाशी बसलेली असते. जिनेश दोन आठवडे तमिळनाडूत पंप बसवतोय. लाल खुणेखाली आतापर्यंत चार अंगठे उठलेत.

यादी अजून आहे, नव्या पत्त्यावर आहे. शोधायला पाच मिनिटं, बदलायची एक ओळ. त्यासाठी शहनासच हवी असं नाही, परवानगीही कुणाची लागत नाही. तुम्ही आत्ता माझ्यासमोर आहात. पाचवा अंगठा उठवू नका.