न मागता छापलेलं

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर यायचंच. तिला त्याचं काही वाटत नसे. कुणी "हे पूर्वीपासून असंच आहे" म्हटलं, की हिच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा.

कंपनी छोटी. आजारी, वयस्कर माणसांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेचं सॉफ्टवेअर ही मंडळी सांभाळायची. एका सकाळी तक्रार आली, की भेटींच्या वेळा तासाभराने पुढे दिसतायत. चौकशीबाईने सर्व्हरवरच्या कोडमध्ये एक साधी ओळ घातली: वेळेच्या व्हेरिएबलमध्ये नेमकं काय आहे, ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजच्या नोंदवहीत, छापून दाखव.

एका ओळीचं उत्तर यायला हवं होतं. आली ही भलीमोठी रांग. वेळ होती, पण तिच्या मागोमाग रुग्णाचं नाव, पत्ता, आजार, औषधं आणि शेवटी घराच्या कुलपाचा आकडा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून दार उघडता येत नाही, म्हणून तो आकडा फक्त नर्सला दिलेला असायचा.

"माझंच काहीतरी चुकलं," असं पुटपुटत तिने ओळ खोडली, पुन्हा घातली. पुन्हा तीच रांग. तासाचा घोळ चुटकीसरशी सुटला, ही रांग मात्र सुटेना. मग ती हात धुऊन तिच्या मागे लागली. जेवायचंही राहिलं. दुपार कलता कलता मूळ सापडलं. रुग्णाच्या नोंदीतलं काहीही वाचायला गेलं, की अख्खी नोंद लॉगमध्ये छापायची, अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. म्हणजे हिने आज ओळ घातली नसती तरी, नर्सने फोनवर नुसती वेळ बघितली की इकडे कुलपाचा आकडा छापून मोकळा!

ते कुणीतरी म्हणजे शेजारच्या टेबलावरचे गुरुजी, ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर.

"गुरुजी, हे तुमचं का?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "एक चूक सापडत नव्हती तेव्हा घातलं होतं. काढायचं राहूनच गेलं बघ."

"किती वर्षं झाली?"

"दोन तरी." आणि मग हळूच, "साहेबांना माझं नाव सांगू नकोस."

"विचारलं तर सांगणार," ती म्हणाली आणि उठली.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "काढून टाक ते. जुने लॉगही पूस. विषय संपला."

"साहेब, सर्व्हर भाड्याचा आहे. ते लॉग बाहेरच्या माणसांना दिसतात. लोकांना कुलपं बदलायला सांगायला हवं."

"अगं, कुणाच्या घरी चोरी झालीय का? संस्थेशी नवा करार तोंडावर आलाय आणि तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालीस!"

"चोरी व्हायची वाट बघायची का मग? ती छपाई आत्ता बंद करते. लॉग पुसणार नाही. कुणाकुणाचे आकडे बाहेर पडले, ते त्यावरूनच कळणार आहे."

"मी सांगतोय तुला."

"ऐकलं मी."

जागेवर येऊन तिने छपाई बंद केली, पुन्हा तपासली. आता एकच ओळ आली. मग तिने फोन उचलला. बाहेर जाऊन, आडोशाला नाही. तिथेच, साहेबांच्या केबिनचं दार उघडं असताना, खणखणीत आवाजात. संस्थेच्या प्रमुख नर्सला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांना तिने काही न लपवता सांगितलं. पलीकडे भडका उडाला.

"दोन वर्षं! आणि तुम्ही आज सांगताय?"

"आज कळलं, आज सांगतेय. काय बोलायचं ते मला नंतर बोला, सिस्टर. आधी कुलपं."

गुरुजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. साहेब दारात उभे होते, कानशिलं लाल. ती त्यांच्याकडे बघत शेवटपर्यंत बोलली.

दुसऱ्या दिवशी नर्स घरोघरी गेल्या. एक आजोबा हटूनच बसले. आकडा म्हणे बायकोच्या जन्मतारखेचा, मेलो तरी बदलणार नाही. शेवटी मोठ्या सिस्टर स्वतः गेल्या आणि लग्नाच्या तारखेवर तडजोड झाली.

करार झाला, पण जेमतेम सहा महिन्यांचा. त्याचं खापर अर्थातच चौकशीबाईवर फुटलं. सर्व्हर तिच्या हातून काढून घेतला आणि तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

"काढूनच टाकलं असतं तर गं?" घरी सासूबाईंनी विचारलं.

"दुसरी नोकरी बघितली असती, आई. त्या माणसांना घर थोडंच बदलता येतं?"

सासूबाईंनी वाढायला घेतलं.

आठवड्याने साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "माफीचं लिहून दे, परत जुन्या जागी बस."

तिने उभ्या उभ्या लिहिलं: फोन मी केला. पुन्हा असं दिसलं तर पुन्हा करेन.

कागद त्यांच्या पुढ्यात ठेवून ती बाहेर आली. तक्रारींचा फोन केव्हाचा वाजत होता. तिने तो उचलला.