सातव्या पानावरची ओळ

मी एक जुनी फाईल आहे. खाकी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, नाडी दोनदा बदललेली. मित्रांनो, फाईलला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. पण जे सगळ्यांना हवं होतं ते माझ्याच पोटात होतं, आणि मला तोंड नव्हतं. त्याची चीड अजून जात नाही.

पुठ्ठा कापणाऱ्या यंत्राखाली माझा जन्म झाला. दोन भोकं पाडली, नाडी ओवली आणि गठ्ठ्यात बांधून मला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्यावर ठळक अक्षरात एक नाव लिहिलं, तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

तो माणूस गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला क्लचमास्तर म्हणत, कारण दिवसभर शेजारच्या सीटवरून त्याचं एकच पालुपद चालायचं, ‘‘क्लच हळू सोडा, क्लच पळून जात नाही.’’ एका शिकाऊ माणसाने ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं, गाडी भिंतीवर गेली आणि मास्तरांच्या मांडीचं हाड मोडलं. हे माझं पहिलं पान. त्या वेळी त्यांना तीन बाटल्या रक्त चढवलं. हल्ली रक्त देण्याआधी ज्या विषाणूसाठी तपासतात, त्याची चाचणी तेव्हा नव्हती.

मास्तर बरे झाले, मी फळीवर गेले. बरीच वर्षं धूळ खाल्ली. मग हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मला बाहेर काढलं. त्या वेळच्या रक्ततपासणीचा कागद माझं सातवं पान झाला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. यकृताच्या डॉक्टरांना दाखवावे.’ हाच तो, चढवलेल्या रक्तातून आलेला विषाणू. घरी जाताना सिस्टरने तोंडीही सांगितलं. मास्तर तेव्हा खाटेखाली वाकून चप्पल शोधत होते. ‘‘बरं, बरं,’’ म्हणाले आणि निघाले. ना डोळे पिवळे, ना भूक कमी. दुखत नाही ते दाखवायचं कशाला?

त्यांच्या बायकोने मला घरी नेऊन प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणालेही, ‘‘फाईल ठेवावी तर अशी.’’ कौतुक झालं ते कव्हराचं. आत कोणी पाहिलं नाही.

सहा वर्षं अशीच गेली. मग मास्तरांचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, ओरडून ओरडून बसला असेल. पण तो उठेना. मानेत सुपारीएवढी गाठ आली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

‘‘तंबाखू किती वर्षं?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘कधीच नाही.’’

‘‘सिगारेट? दारू?’’

‘‘सुपारीसुद्धा खात नाही हो.’’

‘‘आता लपवून काय उपयोग, मास्तर?’’ असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या वरच्याच पानावर लिहिलं, ‘व्यसन नाकारतो.’

नाकारतो! जणू चोरीचा माल सापडलाय आणि हा कबूल होत नाही. त्या एका शब्दाने पुढचं सगळं बिघडलं. जो डॉक्टर येई तो वरचं पान वाचून तोच प्रश्न विचारी. मास्तरांची थोरली बहीण भेटायला आली आणि म्हणाली, ‘‘बाहेर काय करत होतास ते तुलाच ठाऊक.’’ घरी मी कपाटातच होते, मला सगळं दिसायचं. मास्तर आंघोळीला गेले की बायको त्यांच्या शर्टाचे खिसे चाचपायची, वास घेऊन बघायची. काही सापडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तासन् तास ती मला मांडीवर घेऊन इस्पितळातल्या बाकावर बसायची. मी मनात म्हणायचे, अगं बाई, नाडी सोड, खालची जुनी पानं बघ. पण कोणी तसं करेना.

शेवटी कॅन्सरच्या औषधाच्या बाटल्या सुरू करायच्या दिवशी मोठ्या सिस्टरने मला हातात घेतलं. ती जुन्या वळणाची, तळाच्या, सगळ्यात जुन्या पानापासून वाचणारी. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं.

‘‘ह्याच्यावर उपचार कुठे घेतले?’’

‘‘कशावर?’’ बायकोने विचारलं.

सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. ‘‘ज्यांच्या रक्तात हा विषाणू असतो, त्यांच्यात घशाचे काही कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळतात, असं अभ्यासांत दिसलंय. तुमचा त्यामुळेच झाला, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण मास्तर, तुम्हाला खोटं ठरवायला नको होतं. चुकलं माझं.’’

त्या दिवशी घरी परतल्यावर बायको म्हणाली, ‘‘मी रोज तुमचे खिसे तपासत होते.’’

‘‘माहीत होतं,’’ मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. ‘‘म्हणून तर खिसे बाहेर काढून शर्ट टांगायला लागलो. तुझे कष्ट वाचावेत म्हणून.’’

ती हसायला गेली आणि रडायला लागली.

पुढे गोळ्यांनी तीन महिन्यांत विषाणू गेला. कॅन्सरही आवरला. आवाज मात्र गेला तो गेलाच. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला वेळेवर ‘ब्रेक’ म्हणता आलं नाही तर कसं चालेल? मास्तर आता कचेरीत बसून भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणा छडीने दाखवतात. त्या गोळ्या सहा वर्षं आधी मिळाल्या असत्या तर त्यांचा घसा वाचला असता का? कोणालाच सांगता येत नाही. आता ते कधी कळणारही नाही, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.

मित्रांनो, घरात कोणाला पूर्वी रक्त चढवलं असेल तर एकदा ही तपासणी करून घ्यायला सांगा. इस्पितळाचा कागद मिळाला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कळला नाही तर विचारा. आणि आजारी माणूस ‘नाही’ म्हणाला, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मास्तरांना आवाज होता तेव्हा ते खरंच सांगत होते.