पायाचा ब्रेक

काकांना सायकल घ्यायची होती, आणि ती काकूंना बरोबर न नेता घ्यायची होती. यातली पहिली गोष्ट सोपी. दुसरी आजवर कुणाला जमलेली नव्हती. काकू औषधांच्या दुकानात काउंटरवर असायच्या. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचणाऱ्या बाईला नवऱ्याचा चेहरा वाचायला असा कितीसा वेळ लागणार? रविवारी सकाळी काकांनी चपला पायात सरकवल्या, जरा जाऊन येतो असं भिंतीकडे बघत पुटपुटले आणि वळून बघतात तर काय, काकू खांद्याला पर्स लावून दारात तयार.

खरं म्हणजे भानगड सायकलची नव्हतीच. भानगड होती डाव्या हाताची. काका शाळेची बस चालवायचे. पोरं त्यांना काका म्हणायची, पोरांच्या आया काका म्हणायच्या आणि डेपोचे साहेब वयाने लहान, म्हणून तेही काकाच म्हणायचे. मध्यंतरी त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जे झोपलं ते उठेचना. आता तर मूठ वळायची, पण तिच्यात जोर म्हणून नसायचा. मोटरसायकलचा क्लच दाबायला जावं तर अर्ध्यावरच बोटं सुटायची. एकदा सिग्नलला गाडी अशी उसळली, की पुढच्या टेम्पोच्या बुडाला धडकायची ती केवळ नशिबाने राहिली. त्याच दिवशी काकांनी मोटरसायकल मागच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री घातली आणि घरात जाहीर केलं, की पोट फार सुटलंय, यापुढे डेपोत सायकलने जाणार. काकूंना वाटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

आता तुम्ही म्हणाल, मग बस? तेच तर. बसचा क्लच पायाचा, पण गिअर डाव्या हाताचा. गिअरला मूठ लागतेच असं नाही, तळहाताने रेटला तरी पडतो, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती. हँडब्रेक उजवा हात आडवा घालून ओढायचा. स्टिअरिंग उजव्याने फिरवायचं, डावा नुसता वर ठेवायचा, शोभेला. चाललंय की. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डॉक्टरकडे गेलं, की हात कागदावर येणार आणि कागदावर आला, की बस गेली. बस गेली तर पहाटे उठायचं तरी कशासाठी, हे काकांना सुचत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, की कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. काकूंना तर नाहीच नाही.

सायकलचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. आत रबराचा आणि ग्रीसचा वास, छताला उलट्या टांगलेल्या सायकली, आणि दुकानदार असा सावकाश माणूस, की चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणायलाही त्याला मुहूर्त लागत असावा. त्याने विचारलं, जायचं किती लांब, रस्ता कसा, बरोबर सामान असतं का, तेलपाणी स्वतः करणार की दुकानात आणणार. काकांनी सगळं घोकून ठेवलेलं होतं. वाकावं लागू नये, ताठ बसता यावं. सीट रुंद पाहिजे. चेन पुरती झाकलेली, म्हणजे पँटला काळं लागत नाही. मडगार्ड, कॅरिअर, जाड टायर. आणि देखभालीची कटकट नको. ब्रेकच्या केबल ताणतात, गंजतात, त्या तर नकोतच. पायाचा ब्रेक असलेली द्या, पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं ना, तसली.

हे सगळं ते एका दमात बोलले. एका दमात बोलणारा नवरा काकूंना नवीन होता. त्यांनी फक्त भुवई वर केली.

दुकानदाराने कोपऱ्यातली एक काळी सायकल दाखवली, पायाच्या ब्रेकची. पण मग त्याचं लक्ष काकूंकडे गेलं आणि त्याने दुसरी पुढे काढली. राखाडी रंगाची, मधली दांडी खाली उतरलेली, म्हणजे पाय उंच टाकायला नको. गिअर मागच्या चाकाच्या डबीत बंद, ब्रेकही आत बंद, धूळपाणी लागायचं कारण नाही. वर्षातून एकदा दाखवलीत तरी पुष्कळ, म्हणाला. ब्रेक मात्र दोन्ही हातांना.

काकूंना ती बघताक्षणी पटली. संध्याकाळी ही घरात नुसती उभी राहणार, तेव्हा आपणही फिरवू, असं त्यांनी मनातल्या मनात कधीच ठरवलेलं होतं. पायाचा ब्रेक त्यांना नको होता. मी बोलता बोलता पेडल मागे-पुढे करते, भर रस्त्यात गचकन थांबले तर, असा त्यांचा सवाल होता. काका म्हणाले, सवय होते. काकू म्हणाल्या, पन्नाशीनंतर कसली सवय. काका म्हणाले, केबल गंजतात. दुकानदार म्हणाला, या नाही गंजत. काकांच्या कपाळावर घाम यायला लागला. सायकल कुठली घ्यायची यावरून नवरा-बायकोचं वाजणं यात नवीन काही नाही, पण इथे एकाला सायकलच दिसत होती आणि दुसऱ्याला तिच्या हँडलची फक्त डावी बाजू.

दुकानदाराने समजुतीचा सूर लावला. नुसत्या पायाच्या ब्रेकवर विसंबू नये, चेन पडली तर तो ब्रेकही गेला. म्हणून काळीलाही पुढच्या चाकाला एक हाताचा ब्रेक दिलेला आहे.

"उजव्या हाताला ना?" काकांनी विचारलं.

फारच पटकन विचारलं. दुकानदार हो म्हणाला आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. काकूंनी मात्र राखाडी सायकलची घंटी वाजवायची थांबवली. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की आधी हीच चालवून बघा. नाही आवडली तर तुमची काळी घेऊ, माझं काही म्हणणं नाही.

आता नाही कसं म्हणणार? काकांनी सायकल बाहेर काढली.

गल्ली दुकानापासून मोठ्या रस्त्याकडे उतरत जाते. उतार बेताचा, पायी चालणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही असा. काका बसले, दोन पेडलं मारली, आणि खरं सांगायचं तर क्षणभर सगळं विसरले. काय सीट होती. पाठ ताठ, मान मोकळी, चाकांचा आवाज नाही, चेनची खरखर नाही. बंद दुकानांची शटर दोन्ही बाजूंनी मागे जात होती आणि काकांना आपण उगाच घाबरलो असं वाटलं.

मग उतार लागला. काकांनी ब्रेक दाबला. दोन्ही दाबले असं त्यांना वाटलं. लागला एकटा उजवा, म्हणजे पुढचा, तोही कचकन, आणि मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. उजवा सोडला तर सायकल सुसाट. डावा दाबायचा होता, जीव खाऊन दाबायचा होता, आणि डाव्याला ते ऐकूच येत नव्हतं. समोर मोठा रस्ता आला. काकांनी दोन्ही पाय जमिनीवर टाकले. एक चप्पल मागे राहिली, टाच सोलवटली, आणि सायकल गल्लीच्या तोंडाशी आडवी होऊन थांबली. पुढच्याच क्षणी एक ट्रक हॉर्न ठणाणा वाजवत समोरून निघून गेला. त्याचा गरम वारा काकांच्या तोंडावर आला.

काकू आल्या. धावत नाही, चालत आल्या. वाटेत चप्पल उचलून घेतली. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, टाचेकडे बघितलं नाही. त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं. बोटं अजून ब्रेकवर होती, ओळीने, नीट, जशी असायला हवीत तशी. फक्त दाबलेली नव्हती.

दोघं दुकानात परत आली. काकूंनी दुकानदाराकडून एक स्टूल मागून घेतलं, काकांना बसवलं आणि आपला तळवा पुढे केला.

"माझा हात दाबा."

काकांनी दाबला.

"उजव्याने नाही. डाव्याने."

काकांनी डावा हात त्यांच्या हातात ठेवला. दुकानदार उगाचच एका पान्याला फडकं मारत बसला.

"दाबा ना," काकू म्हणाल्या.

"दाबतोय."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ओरडतील, अशी काकांची अपेक्षा होती. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, मोटरसायकल. काकांनी मान हलवली. आणि मग काकूंना पुढचं सुचलं. ते त्यांच्या डोळ्यांत येताना काकांनी बघितलं.

"आणि बस?"

काकांनी तळहाताने गिअर कसा पडतो ते सांगायला सुरुवात केली. सांगताना त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. आजवर मनातल्या मनात इतकं पक्कं वाटणारं ते बोलणं दुकानातल्या उजेडात आलं आणि त्याच्या चिंध्या झाल्या. मग त्यांनी न विचारताच परवाचं सांगून टाकलं. पुलाच्या वळणावर गिअर अडकला होता. तो सोडवायला त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला होता. बस कठड्याकडे गेली होती. मागे पोरं गाणी म्हणत होती, कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

काकूंनी पर्समधून फोन काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. काका गयावया करायला लागले. दोनच वर्षं राहिलीत. उद्या संध्याकाळी डॉक्टरकडे जातो, शप्पथ. वळणावर जपून घेईन. ती काळी सायकल घेऊ, तिला डावा हात लागतच नाही, रोज वेळेवर डेपोत पोचेन, बघ तू.

"डेपोत पोचून काय कराल?" काकू म्हणाल्या. "त्या हाताने उद्या कुणाची पोरं नेणार आहात?"

कुणाची ते काकांना पाठ होतं. पहिल्या थांब्यावरची जुळी, पाण्याची बाटली रोज विसरणारा तो जाड्या, आईचा हात सोडताना अजून रडणारी ती चिमुरडी. हात धरल्याशिवाय पोराला रस्ता ओलांडू दिला, तर त्याच्या आईबापांना भर रस्त्यात झापणारा माणूस होता हा. काकांना स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"तुम्ही करता, की मी करू?"

दुकानदार उठला. सायकल काही कुठे पळून जात नाही, आधी हाताचं बघा, एवढं बोलून त्याने राखाडी आणि काळी दोन्ही सायकली आत नेल्या आणि तो आतच थांबला.

काकांनी फोन लावला. साहेब सुट्टीच्या खुशीत होते, काय काका, रविवारी कशी आठवण काढलीत, म्हणाले. काकांनी सांगितलं. डावा हात चालत नाही. पकड राहिलेली नाही. पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

आज सकाळपासून, असं म्हणता आलं असतं. आज सकाळीच उठलो तर असं झालेलं, साहेब. कुणाला कळणार होतं? नोकरी राहिली नसती, पण नाव तरी राहिलं असतं. काकूंनाही नेमकं ठाऊक नव्हतं. त्या मध्ये बोलल्या नाहीत, खुणावलं नाही, काही नाही.

"दीड महिना झाला," काका म्हणाले.

"आणि गाडी रोज काढत होतात?"

"हो."

साहेब म्हणाले, उद्या येऊ नका, दुसऱ्याची सोय करतो, बाकीचं ऑफिसात बोलू. एरवी वाक्यागणिक काका म्हणणारा माणूस, या वेळी एकदाही म्हणाला नाही. फोन बंद झाला.

काका तसेच बसून राहिले. सोलवटलेली टाच आता चुरचुरायला लागली होती. काकू समोर उकिडव्या बसल्या होत्या, आणि त्या रडताहेत हे काकांना आत्ता दिसलं. रडू नकोस, असं म्हणावं म्हणून ते पुढे वाकले आणि त्यांची नजर खाली गेली. काकूंनी त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला होता, इतका घट्ट, की त्यांची स्वतःची नखं पांढरी पडली होती. केव्हापासून धरला होता कोण जाणे. काकांना ते बघितल्यावरच कळलं.