पिठाच्या रेघा

१९५३ सालच्या हंगामात नेब्रास्कातल्या ब्रॅडी फोर्क कॉलेजच्या पोरांनी अमेरिकी फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या खेळाचे, सात सामने ओळीने मारले. आठवा आणि शेवटचा जिंकला की हंगाम बिनहार. कॉलेज निघाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्या गावाला त्या शनिवारचीच पडली होती.

एमिल कुबिचेकला पडली होती ती रेघांची. पंचवीस वर्षं तो हे मैदान राखत होता. वय सहासष्ट. नियमाने वर्षापूर्वीच त्याला घरी बसवायचं, पण कोच टीगने प्राचार्यांकडे शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली आणि मैदानामागच्या त्याच्या दोन खोल्याही.

महिनाभर पावसाने दर आठवड्याला रेघा धुऊन नेल्या होत्या. आता दोन दिवस वारा सुटून जमीन सुकली होती, पण नेमका चुना संपला. नवं वसतिगृह शेजारीच बांधत होते. शनिवारी सकाळी एमिलने गवंड्यांच्या छपराखालून चुन्याच्या सहा गोण्या ढकलगाडीवर घातल्या आणि दहाच्या आत मैदान आखून टाकलं. रेघा नेहमीपेक्षा पांढऱ्या उठल्या. त्याला बरं वाटलं.

मग नळापाशी गोणी झटकताना मूठभर भुकटी डबक्यात पडली आणि डबकं उकळायला लागलं.

एमिल बघतच राहिला. गवंड्यांचा तो कळीचा चुना, न विझवलेला. पाणी लागलं की भाजतो, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. घाईत ध्यानात आलं नाही, एवढंच. त्याने वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं, पडत नव्हतं. नाहीच पडलं तर? सांगितलं तर सामना जाईल, नोकरी जाईल, डोक्यावरचं छप्परही. न सांगावं आणि आभाळावर सोडावं. तो तिथेच, रिकामी गोणी छातीशी धरून उभा राहिला.

तेवढ्यात लेस्टर वोन्द्रा आला. चेंडू काखेत मारून पळण्यात त्याचा हात धरणारा संघात कोणी नव्हता.

"एमिलकाका, आज तर नवरीच्या पांढऱ्या झग्यासारखं मैदान केलंत," म्हणत तो शेवटच्या रेघेशी बसला. चेंडू निसटू नये म्हणून दर सामन्याआधी तो तळव्यांना रेघेवरचा चुना चोळायचा. चोळण्याआधी दोन्ही तळव्यांवर थुंकायचा.

"हात लावू नकोस," एमिल म्हणाला.

"का? तुमच्या बापाचा चुना आहे?"

"लेस्टर, मागं हो. तळवे सोलून निघतील."

मग कोच आला. एमिलने सगळं सांगितलं, गोण्या न विचारता आणल्या हेसुद्धा. कोचने टोपी काढून आभाळाकडे पाहिलं.

"कोणाला कळलं असतं का रे एमिल?"

"पाऊस आला असता तर पोरांना कळलं असतं."

"आणि नसता आला तर?"

"घाम आलाच असता."

कोचने शिट्टी फुंकली. तासाभरात निम्मं गाव फावडी, झाडू घेऊन हजर झालं. रेघा मातीसकट खरवडून काढल्या. गिरणीवाल्याने पिठाची पोती पाठवली आणि एमिलने त्याच पिठाने मैदान पुन्हा आखलं. "सुगरणीचं मैदान हे," पाहुण्या संघातला कोणीतरी म्हणाला. कोणी हसलं नाही.

सामना तासभर उशिरा सुरू झाला. दुसऱ्या भागात पाऊस लागला आणि पिठाची कणीक झाली. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा पाहुणे सात, आपण सहा; चेंडू त्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे नेला की सामना आपला. लेस्टर चेंडू घेऊन सुटला आणि चौघांना अंगावर घेत शेवटच्या रेघेपाशीच चिखलात आपटला. पंच गुडघ्यावर बसून रेघ शोधत राहिला. रेघ नव्हतीच, नुसता राडा होता. रेघेच्या दोन्ही टोकांना रोवलेल्या खुंटांकडे आळीपाळीने पाहून त्याने रेघेचा अंदाज घेतला आणि चेंडू वीतभर अलीकडे ठेवला. वेळ संपली.

लोक निघून गेले. एमिल खुंट उपटत होता, तोंड वर करवत नव्हतं. लेस्टर लंगडत आला.

"पोहोचला होतास का रे?" एमिलने विचारलं.

"काका, माझं तोंड कणकेत होतं. मला काय दिसणार?"

"खरं सांग."

"खरंच नाही माहीत. पोहोचलो असं मी सांगत फिरणार, ते वेगळं."

एमिलने पुढचा खुंट धरला. तेवढ्यात कोच प्राचार्यांच्या खोलीतून आला, खांदे पडलेले.

"मार्चमध्ये नवा माणूस येतोय," तो म्हणाला. "तोवर तू. खोल्याही तोवरच. यापलीकडे मला काही करता आलं नाही."

"तुमचा हंगाम मी घालवला, कोच."

"पोरं अख्खी घरी गेली ना." कोचने दुसरा खुंट हलवून पाहिला. तो निघेना. "नव्या माणसाला सगळं शिकवून जा."

"काय शिकवू?"

"चुना कुठून आणायचा नाही, तिथपासून सुरू कर."

लेस्टर हसला. थोड्या वेळाने एमिलही हसला. मग तिघांनी मिळून तो खुंट उपटला.