सांग आजीला

एका खोलीत राहून दोन बायकांनी अबोला धरायचा म्हणजे तारेवरची कसरत. मुलगा घर सोडून गेला त्या संध्याकाळी म्हातारी सुनेला म्हणाली होती, "तुला साधा नवरा धरून ठेवता आला नाही!" तेव्हापासून सून तिच्याशी बोलली नाही. म्हातारीही हट्टाला पेटली. सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, म्हातारी नातीला सांभाळायची, आणि जे काही बोलायचं ते नातीमार्फत.

"छकुले, सांग तुझ्या आईला, नळ वाहतोय. पाणी काय तिच्या माहेराहून येतं?"

"छकुले, आजीला सांग, माहेर असतं तर इथे कोण राहिलं असतं?"

छकुली रांगत होती तेव्हापासून हेच ऐकत आली.

गरिबाघरच्या लहान मुलांसाठी एक योजना निघाली होती. दर आठवड्याला एक बाई खेळण्यांची पिशवी घेऊन घरी यायची, मुलांशी खेळायची, मोठ्यांना चार गोष्टी सांगायची. सगळी गल्ली तिला खेळताई म्हणे.

"आजी, पोरीशी सतत बोलत राहा. कानावर पडलं तरच तोंडात येईल."

"त्याची काळजी नको," म्हातारी म्हणाली. "या घरात सगळं बोलणं तिच्याशीच होतं."

पण तिसरं वर्ष सरत आलं तरी छकुली तोंड उघडेना. म्हातारीचा जीव टांगणीला लागला. उद्या शाळेत पोरीचं कसं व्हायचं? आणि मरायच्या आधी एकदा तरी 'आजी' अशी हाक कानावर पडेल की नाही?

एके दिवशी सुनेला सुट्टी होती. खेळताईने पिशवीतून कापडाचा ससा काढून दिला. छकुलीने तो मांडीवर घेतला, त्याचा कान धरला आणि स्वच्छ म्हणाली, "सांग आजीला, तहान लागली."

"बोलली गं माझी बाई!" म्हातारी हरखली. "अगं, पण मलाच सांग की. ही काय समोर बसलेय."

छकुलीने तिच्याकडे पाठ केली. "सशा, सांग आजीला, पाणी."

सून खाली बघत राहिली. खेळताईला हसू आलं होतं, ते ओठांतच राहिलं.

"बोलायचं असंच असतं, असं वाटतंय तिला," ती हळूच म्हणाली. "आजी, माझ्या फेऱ्या या महिन्यात संपतात. खेळण्यांनी व्हायचं ते झालं. आता तुम्ही दोघी एकमेकींशी बोला. हिच्यासमोर."

निघताना तिने ससा पिशवीत टाकला. तो पुढच्या घरी न्यायचा होता. छकुली रडरड रडली.

रात्री जेवताना म्हातारीने हातातला घास खाली ठेवला. जन्मात ती कुणापुढे नमली नव्हती.

"सूनबाई," ती म्हणाली. सुनेचा हात ताटातच थांबला. "तो गेला त्यात तुझा दोष नव्हता. मोठी असून मी चुकले. माझ्यासाठी नको, पोरीसाठी तरी बोल."

सुनेने ताट बाजूला सारलं. मग तिने छकुलीला जवळ ओढलं, तिचं तोंड म्हातारीकडे वळवलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली,

"छकुले, आजीला सांग, फार उशीर केला."

छकुलीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग सांगायला सशासारखं कुणी सापडतंय का म्हणून ती खोलीभर बघू लागली.