तुळसाबाईंच्या बाजूचा शॉकअप

अशी कल्पना करा, की तुम्ही मोटरसायकलवर मागे बसला आहात. दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडलेले, एक हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर, दुसरा सीटमागच्या दांडीवर. खाली सिमेंटचा रस्ता आहे. तो दिसायला सपाट असतो, पण त्यात थोड्या थोड्या अंतरावर आडव्या फटी ठेवलेल्या असतात, कारण उन्हाथंडीत सिमेंट फुगतं आणि आकसतं. चाक फटीवरून जातं तेव्हा ठक् असा आवाज होतो. थोडं पुढे गेलं की पुन्हा ठक्. आता अशी कल्पना करा, की तुमचं वय एकाहत्तर आहे आणि तो ठक् चाकात न राहता थेट तुमच्या कमरेत येतो आहे.

जरीपटक्यातल्या घरापासून धरमपेठेपर्यंत असे किती ठक् होतात, हे तुळसाबाईंनी कधी मोजलं नव्हतं. एका रविवारी घरी परतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता मी ह्या गाडीवर बसत नाही."

आणि त्या खरंच बसल्या नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

धरमपेठेत ताराबाई राहत होत्या. तुळसाबाई आणि ताराबाई सव्वीस वर्षं टपाल खात्यात एकाच टेबलाशी बसून पत्रं वेगळी करत. दोन वर्षांपूर्वी ताराबाईंचा उजवा हात लुळा पडला. त्यांचे केस अजून कमरेपर्यंत होते. ते विंचरायला त्या सुनेला हात लावू देत नसत, कामवालीलाही नाही. दर रविवारी तुळसाबाई तेलाची बाटली घेऊन जात, केस सोडवत आणि घट्ट वेणी घालून येत. ती वेणी पुढचा रविवार येईपर्यंत टिकायची. आता तीन आठवडे ती तशीच होती.

तुळसाबाईंची नात नंदिनी सातवीत होती. फोन स्पीकरवर असल्याने ताराआजी काय म्हणाल्या ते तिने पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. "जटा झाल्या गं तुळसा. सून म्हणते, कापून टाकू. येत्या रविवारपर्यंत वाट पाहते म्हणाली."

"ऑटोनं जा ना आजी," नंदिनी म्हणाली.

"ऑटोत तर हाडं वेगळी अन् मी वेगळी होते," आजी म्हणाल्या. "तुया बापाची गाडी तरी बरी होती. आता तिले काय झालं कोणास ठाऊक. मागच्या वेळी ब्रेकरवर मले असं उडवलं, जसं सुपातले दाणे."

बुधवार होता. रविवारला चार दिवस राहिले होते.

नंदिनी कोपऱ्यावर शालिकरामकाकांच्या गॅरेजमध्ये गेली. शालिकराम एका गाडीची चेन धुवत होते. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"हवा पाहिली काय चाकातली?"

"हाव. बरोबर आहे."

"मंग मागचे शॉकअप पाह्य, धक्का खायच्या स्प्रिंगा." त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, उघडलं आणि आतली बारीक स्प्रिंग तिच्या तळहातावर ठेवली. "दाब."

नंदिनीने बोटाने दाबली. स्प्रिंग सहज दबली.

"आता ही अर्धी दाबून धर. तशीच धर. अन् आता आणखीन दाब."

या वेळी स्प्रिंग हलायला जास्त जोर लागला.

"गाडीचंही असंच राह्यते," शालिकराम म्हणाले. "शॉकअपच्या खाली एक कडं असते, पायऱ्या-पायऱ्यांचं. ते फिरवलं की स्प्रिंग आधीच दाबून बसते. वजन भारी असलं तर तसंच पाहिजे. पण वजन हलकं असलं, तर बारका धक्का स्प्रिंग खातच नाही. तो सीटमधून वर येते. अन् मोठा धक्का आला तर चाक खाली येताना गाडी मागून टाचा उचलते."

"मंग कडं सैल करू?"

"आधी मोज. मोजल्याशिवाय फिरवलं तर तू अन् तुया बाप सारखेच." त्यांनी भिंतीवरचा एक वाकडा पाना काढून तिला दिला. टोकाला हुकासारखा वळलेला, त्याच कामाचा. "तुमची गाडी पूर्ण दबली तर नऊ सेंटीमीटर खाली जाते. दोघं जण नुसते बसले तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी गेली पाहिजे. पाना वापस आणून दे."

नंदिनीचे बाबा, रविंद्र, संध्याकाळी सहाला कामावरून आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते याच गाडीवर पाण्याचे कॅन पोचवत. एका खेपेला सहा, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. आता ते एका शाळेत कारकून होते, आणि गाडीवर मागे फारतर त्यांची आई बसे.

त्यांनी गाडी अंगणात मोठ्या स्टँडवर लावली. मागचं चाक अधांतरी राहिलं. नंदिनीने शिवणकामाची टेप घेतली, चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या एका स्क्रूपर्यंत अंतर घेतलं आणि वहीत लिहिलं: बावन्न.

"आता तुम्ही बसा बाबा. आणि मागे आजी."

"मी नाही बसत म्हटलं ना," आजी ओट्यावरून म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या. "मोजायसाठीही नाही."

आजीचं वजन दवाखान्याच्या चिठ्ठीवर होतं, त्रेचाळीस किलो. नंदिनीने थोडा विचार केला आणि स्वयंपाकघरातले पिण्याच्या पाण्याचे दोन्ही कॅन ओढत आणले. वीस-वीस लिटरचे. भरलेला कॅन एकवीस किलोच्या आसपास भरतो, हे रविंद्रलाच पाठ होतं. दोन कॅन दोरीने जोडून मागच्या सीटवर दोन्हीकडे लटकवले.

"हे काय करून राहिली वं?" आजींनी विचारलं.

"तुम्हाला बसवून राहिली."

"माया पोटात एवढं पाणी नाही."

गाडी स्टँडवरून उतरली, रविंद्र बसले. दोन्ही पाय टेकवून त्यांनी गाडी सरळ धरली. नंदिनीने पुन्हा टेप लावली. पन्नास आणि वर आठ रेघा. म्हणजे गाडी जेमतेम सव्वा सेंटीमीटर खाली गेली होती. जायला हवी होती तीन.

मग तिने खाली वाकून कडी पाहिली. पायऱ्या पाच होत्या. उजव्या शॉकअपचं कडं चौथ्या पायरीवर होतं. डाव्याचं पाचव्या पायरीवर. तिने पुन्हा मोजल्या. पाचवीच.

"बाबा, दोन्हीकडे वेगळं काहून आहे?"

रविंद्र जरा खुलले. "ते मीच केलं. उजवं चारवर आहे, कॅनच्या वेळचं. आईले धक्के लागू लागले म्हणून डावं पाचवर नेलं. आई डावीकडे पाय सोडून बसते ना. साडीवाल्या सगळ्या तशाच बसतात. वजन डावीकडे, तर स्प्रिंगही डावीकडची मजबूत पाहिजे. सोपं आहे."

"अन् तवापासूनच मी उडून राहिली," आजी म्हणाल्या.

नंदिनीला बाबांचं म्हणणं चूक वाटलं नाही. ते बरोबरच वाटत होतं. म्हणून तिने वही उघडी ठेवली आणि उजवीकडचा कॅनही डावीकडे आणून लटकवला. दोन्ही कॅन एकाच बाजूला आले. रविंद्रची गाडी डावीकडे ओढली जाऊ लागली. ते डाव्या पायावर जोर देऊन तिला सरळ धरून राहिले.

"लवकर मोज. माया पाय थरथरून राहिला."

तिने डावीकडे मोजलं. मग पळत पलीकडे जाऊन उजवीकडे मोजलं. दोन्हीकडे तेवढंच. सव्वा सेंटीमीटर.

"पण वजन तर सगळं डावीकडे आहे," रविंद्र म्हणाले. त्यांनी मान वळवून स्वतः टेप पाहिली.

याचं कारण गाडीच्या खालीच होतं. मागचं चाक ज्या लोखंडी दांड्यांमध्ये बसतं, त्या जोडीला गॅरेजवाले चिमटा म्हणतात. दोन्ही शॉकअप त्या एकाच चिमट्यावर टेकलेले असतात, आणि चाकही एकच असतं. चिमटा वर गेला की दोन्ही बाजूंनी वर जातो. आजी कोणत्या बाजूला बसल्या आहेत, हे डाव्या स्प्रिंगला वेगळं कळत नाही. कललेली गाडी सरळ ठेवणं हे चालवणाऱ्याचं काम. एका बाजूचं कडं जास्त फिरवून आजींना काहीच मिळत नव्हतं. चिमटा उगीच पिळला जात होता, आणि दोन्ही स्प्रिंगा मिळून आणखी ताठ झाल्या होत्या.

रविंद्रने वाकून डाव्या कड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन वर्षं मी आईले कॅन समजून फिरवत होतो."

"भरलेले सहा कॅन," नंदिनी म्हणाली.

गाडी परत स्टँडवर गेली. कॅन उतरवले. उजवं कडं दोन वर्षांत गंजून घट्ट झालं होतं. रविंद्रने खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले, नंदिनीने पाना अडकवला आणि दोघांनी मिळून ओढला. पाना एकदा निसटला आणि रविंद्रच्या बोटाचं साल निघालं. दोन्हीकडचं कडं तिसऱ्या पायरीवर आणलं, पुन्हा कॅन लटकवून मोजलं. दोन सेंटीमीटर. मग दोन्ही दुसरीवर आणली. दोन सेंटीमीटर आणि नऊ रेघा. नंदिनीने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"झालं आजी. रविवारी जायचं."

आजींनी मेथीच्या काड्या सुपात झटकल्या. "वहीत झालं. रस्त्यावर कुठी झालं? आधी तू बस. मायासारखी बस, एका बाजूनं. अन् त्या फटीवरून जाऊन ये."

"पण मी चौतीस किलोची आहे."

"मंग नऊ किलो तांदूळ घे मांडीवर."

आजी गंमत करत होत्या, पण नंदिनीने ते खरं धरलं. डब्यातला तांदूळ पिशवीत काढला, घरातल्या ताणकाट्यावर नऊ किलो भरला, हेल्मेट घातलं आणि दोन्ही पाय डावीकडे सोडून मागे बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. गल्लीतल्या दोन बायका थांबून पाहू लागल्या. एकीने विचारलं, "काय वं, दळण घेऊन कुठी चालली?" नंदिनी उत्तर न देता समोर पाहत राहिली, कारण आजीही गाडीवर कोणाशी बोलत नसत.

सिमेंटच्या रस्त्यावर पोचल्यावर ठक् आलाच. पुन्हा ठक्. पण तो खालून कुठून तरी ऐकू येत होता. ब्रेकरवर गाडी आधी खाली बसली, मग वर आली, आणि तांदळाची पिशवी मांडीवरच राहिली. घरी येऊन तिने आजीला तेवढंच सांगितलं. वाढवून काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी आठला तुळसाबाई तेलाची बाटली आणि लाकडी कंगवा पिशवीत घालून बाहेर आल्या. गाडीकडे थोडा वेळ पाहिलं. "हळूच ने गा," त्या रविंद्रला म्हणाल्या, आणि डावीकडे पाय सोडून बसल्या. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत नंदिनी मागचं चाक पाहत होती.

त्या परत आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रविंद्रने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. स्वतः उतरल्या, ओट्यावर बसल्या आणि पाणी मागितलं.

"सोडवायले तीन तास लागले," त्या म्हणाल्या. "तिची सून कात्री घेऊनच बसली होती. एक केस कापू दिला नाही मी."

"आणि ठक् ठक्?"

"होते ना. पण आता ते गाडीले लागते, मले नाही."

संध्याकाळी रविंद्र गाडी पुसत होते. मागचं चाक पुसताना ते थांबले, खाली वाकले, डाव्या शॉकअपच्या कड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"नंदिनी," ते म्हणाले, "इतकं मस्त झालं आहे, तर आईच्या बाजूनं फक्त एक पायरी वाढवून पाहू काय? नुसती एक."

नंदिनीने ओट्यावरचा पाना उचलला, बाबांच्याच हातातल्या फडक्याने पुसला, आणि तो परत द्यायला शालिकरामकाकांच्या गॅरेजकडे निघाली.